दुसरी साळुंकी

रबरी शिक्क्यावरचे चित्र कार्डावर उलट्या दिशेने उमटवायचे असेल, म्हणजे उजवीकडे पाहणारा पक्षी डावीकडे पाहायला लावायचा असेल, तर ती दुसरी प्रतिमा पहिलीइतकी स्वच्छ का येत नाही? हा प्रश्न मी माझ्या प्रयोगवहीच्या एका कोऱ्या पानावर लिहिला, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. प्रश्न मुळात माझा नव्हता. तो आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा होता, आणि माझ्यापर्यंत पोहोचला तेव्हा तो त्यांच्याइतकाच थकलेला होता. सरांना वगळून नुसते उत्तर लिहायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर बरोबर आले, पण अपुरे वाटले.

प्रथम कृती सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. शिक्क्याला शाई लावायची. तो कार्डावर न मारता एका सपाट, कोऱ्या रबराच्या तुकड्यावर मारायचा. रबरावर चित्र उमटते. ते ओले असतानाच तो तुकडा कार्डावर पालथा घालून दाबायचा. कार्डावर उमटणारे चित्र मूळ चित्राच्या उलट असते. त्याच्या शेजारी तोच शिक्का नेहमीसारखा सरळ मारला, की दोन पक्षी एकमेकांकडे पाहत बसलेले दिसतात. शिक्का एक, पक्षी दोन. वाचताना हे फार सोपे वाटते. सरांना ते वीस वर्षे जमले नाही.

आमची शाळा छावणीच्या बाजूला होती. मी शास्त्र शिकवत असे. माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून चित्रकलेची खोली होती आणि दोन्हींत मिळून पाण्याचा एकच नळ होता, तो माझ्याकडे. त्यामुळे रंगाच्या वाट्या धुवायला सर दिवसातून चार-पाच वेळा माझ्याकडे येत. वाट्या धुताना ते कधी बोलत नसत. धुऊन झाल्या, की हात झटकत आणि म्हणत, "लई पाणी लागतं बाई रंगाला." हे वाक्य त्यांनी किती वेळा उच्चारले असेल ते मी मोजले नाही, पण त्यात एकदाही फरक पडला नाही.

त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात, जिथे इतर शिक्षक पेन लावतात, तिथे दाढीच्या पेटीतला एक चौकोनी आरसा असे. मुलाने चित्र पुढे केले, की ते चित्राकडे पाहत नसत. पाठ फिरवून आरसा डोळ्यांसमोर धरत आणि खांद्यावरून मागचे चित्र आरशात पाहत.

"घागर तिरपी हाय तुझी."

"सर, सरळच आहे की."

"तुझ्या डोळ्याला सवय झाली तिची. आरशाला नाय झाली."

शिक्षकांच्या खोलीत यावरून त्यांची चेष्टा होत असे. मीही हसत असे. मग एकदा, वर्गात कोणी नसताना, फळ्यावर मी काढलेली हृदयाची आकृती त्यांच्याकडून आरसा मागून घेऊन पाहिली. ती एका अंगाला चांगलीच कलली होती. सात वर्षे मी तीच आकृती तशीच काढत आले होते, आणि सात वर्षांच्या मुलांनी ती तशीच वहीत उतरवून घेतली होती. मी आरसा परत केला. ते फक्त वाट्या धुऊन झाल्यावर म्हणाले, "लई पाणी लागतं बाई."

त्यांचे दुसरे वाक्य "दाबा, ढकलू नका" असे होते. मूळचे ते शिक्क्याविषयी होते. शिक्का कागदाला टेकल्यावर केसभर जरी सरकला तरी चित्राला दुहेरी कड येते. म्हणून जोर वरून द्यायचा, बाजूने नाही. पण सर ते कुठेही वापरत. सुटीच्या घंटेला दारात लोटालोट करणाऱ्या मुलांना ते हेच सांगत. एकदा एक पालक नापास मुलाचा कान धरून त्याला शाळेच्या व्हरांड्यातून ओढत नेत होते. सर वाटेत उभे राहिले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "साहेब, दाबा, पण ढकलू नका." पालकांना अर्थ समजला नसावा. परंतु त्यांनी कान सोडला.

त्यांच्याविषयी सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही होती, की चित्रकला आणि हस्तकला शिकवणारा हा माणूस हातात चाकू धरत नसे. हस्तकलेच्या तासाला मुले बटाटे अर्धे कापून त्यांवर फूल-पान कोरत, रंगात बुडवून कागदावर ठसे उमटवत. सर दोन्ही हात पाठीमागे बांधून रांगांमधून फिरत आणि तोंडाने सांगत. "पात्याची पाठ अंगठ्याकडं. हां. आता बटाटा फिरव, चाकू नको फिरवू." एवढ्या बारकाईने सांगणाऱ्याने हे काम स्वतः केलेले असणार, हे कोणालाही कळले असते. पण मुलाचे बोट कापले तरी ते पट्टी बांधत, उरलेला बटाटा कापून देत नसत.

एका वर्षी शाळेसाठी नवा शिक्का करून आणला. मुख्याध्यापक तो सगळ्यांना दाखवत होते. सरांनी तो हातात घेऊन नुसते रबर पाहिले, शाई नाही, कागद नाही, आणि म्हणाले, "कडंला रबर उरलंय. डाग पडंल." मुख्याध्यापकांनी शिक्का मारून पाहिला. अक्षरांच्या बाजूला वाटाण्याएवढा डाग पडला.

"वा! मग द्या की तेवढं कापून. तुमच्याच हातचं काम आहे."

"मी कापत नाय."

"अहो, नखाएवढा तुकडा आहे."

"तेवढा बी नाय."

"चित्रकलेचे शिक्षक आणि चाकूला भितात!" मुख्याध्यापक आमच्याकडे वळून म्हणाले. "उद्या मी खडूला भिईन, मग चालवा शाळा."

सगळे हसले. मुख्याध्यापकांनी दाढीच्या पात्याने तो तुकडा स्वतःच उडवला आणि त्याबरोबर शाळेच्या नावातले शेवटचे अर्धे अक्षरही उडवले. त्या वर्षीचे सगळे दाखले तसेच गेले. सर त्या शिक्क्याकडे पुन्हा पाहत नसत. त्यांच्या पुढ्यात दाखला आला, तर ते मान दुसरीकडे वळवत.

चाकू न धरण्याचे कारण मला पुढे कळले. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, ऊन चढले होते, आणि सर माझ्या नळापाशी हात न धुता उभे होते. त्यांच्या हातात एक पोस्टकार्ड होते. उर्दूत लिहिलेले. मला उर्दू येत नाही. सरांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतूनच झाले होते.

"काय लिहिले आहे, सर?"

त्यांनी वाचून दाखवले. "दूसरी कच्ची है." मग म्हणाले, "यंदा बी कच्चीच, बाई."

त्या दुपारी त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत, क्रमाने देते. त्यांनी ते क्रमाने सांगितले नव्हते.

सर कन्नड तालुक्यातले. विशीत शहरात आले आणि शहागंजात शिक्के करणाऱ्या एका उस्तादांकडे काम शिकू लागले. उस्ताद कचेऱ्यांचे शिक्के साच्यात रबर दाबून, तापवून काढत. परंतु त्यांचे नाव होते ते चित्रांच्या शिक्क्यांसाठी. ते जाड रबर हाताने कोरत. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले, आणि कचेऱ्यांची लिपी उर्दूची नागरी होत गेली. उस्तादांना नागरी वाचता येत नव्हती. काही दिवस सर अक्षरे जुळवून देत आणि उस्ताद रबर काढत. पण दुकानाचा मालक आपल्याच दुकानातला माल वाचू शकत नाही, हे उस्तादांना फार काळ सोसले नाही. त्यांची मुले हैदराबादेत होती. त्यांनी तिकडे जायचे ठरवले.

जाण्याच्या आठवड्यात त्यांच्यापुढे एकच काम उरले होते. लग्नाच्या कार्डासाठी कोणीतरी साळुंक्यांची जोडी सांगितली होती, एकमेकींकडे तोंड केलेली. उस्तादांनी उजवीकडे पाहणारी साळुंकी स्वतः कापली. मग चाकू सरांच्या हातात देऊन म्हणाले, दुसरी तू काप. सरांनी दोन दिवस खपून ती कापली. उस्तादांनी ती उजेडात धरली, "कच्ची है" म्हणाले आणि सरस तापवायच्या शेगडीत टाकली. गिऱ्हाइकाला निरोप धाडला, की जोडी होत नाही. चार दिवसांनी ते हैदराबादला गेले. पहिली साळुंकी मात्र सरांकडे ठेवून गेले.

"मग तुम्ही परत कापली नाहीत?" मी विचारले.

"कुणाला दाखवायची?" सर म्हणाले.

त्यानंतर सर चित्रकलेची परीक्षा देऊन शाळेत लागले. चाकू त्यांनी पुन्हा धरला नाही. पण ती जोडी त्यांच्या डोक्यातून गेली नाही. आपल्या हाताने दुसरी कापायची नाही, तर उस्तादांचीच साळुंकी उलटी करून तिच्यासमोर बसवायची, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. दर रमजान ईदेला ते खुलताबादच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्याहून हातकागद आणत, त्याचे कार्ड करत, त्यावर डावीकडे सरळ साळुंकी आणि उजवीकडे उलटी साळुंकी उमटवून उस्तादांना पाठवत. उलटी नेहमी ठिपक्या-ठिपक्यांची येई, अंगावर पांढरे चट्टे पडल्यासारखी. दर वर्षी उस्तादांचे उत्तर येई. त्यात कुशल नसे, सलामही नसे. फक्त तेवढेच वाक्य.

"म्हातारा ऐंशीला आला आसंल आता," सर म्हणाले. "एक डाव 'पक्की' म्हनला, तर सुटलो मी."

मी तेव्हा तरुण होते, आणि ज्याला कारण आहे ते शोधता येते यावर माझा पूर्ण विश्वास होता. मी वहीचे कोरे पान उघडले.

सरांच्या मते दोष हवेचा होता. ईद उन्हाळ्यात आली, की ते म्हणत, शाई वाळते. परंतु ईद दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकते. इतक्या वर्षांत ती उन्हाळ्यातून निघून हिवाळ्यात आणि तिथून मागे पावसाळ्याच्या अखेरीत आली होती. मी हे दाखवल्यावर ते म्हणाले, "हिवाळ्यात शाई गोठती." आणि पावसाळ्यात? "पावसाळ्यात कागद फुगतो." मी म्हणाले, "सर, तिन्ही ऋतू गुन्हेगार असतील, तर ऋतू गुन्हेगार नाही." शिवाय शिक्क्याच्या शाईत ग्लिसरीन असते, ती मिनिटा-दोन मिनिटांत वाळत नाही. मी हवा वहीतून खोडली.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, या नियमाने आम्ही निघालो. कागद बदलला: हातकागदाऐवजी गुळगुळीत कार्डबोर्ड. चट्टे तसेच. शाई बदलली: जांभळी, काळी, लाल. चट्टे तसेच. दाब बदलला: हाताने, मग वर पुस्तके ठेवून, मग मी स्वतः पाटावर उभी राहून. सर म्हणाले, "बाई, साळुंकी हाय ती, पापड न्हवं." चट्टे तसेच. असे दोन वर्षे चालले. दरम्यान दोन ईदा झाल्या आणि दोन पोस्टकार्डे आली. दोन्ही सरांनी नळापाशी वाचून दाखवली आणि दोन्ही वेळा कोणाकडे न पाहता मेजाच्या खणात टाकली. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "बाई, ऱ्हाऊ द्या आता. तुमची बी वही भरली."

वही भरली होती हे खरे. पण माझ्या वहीत एक गोष्ट लिहिलेली नव्हती, आणि ती चूक माझी आहे. त्या सपाट रबरावर नेहमी थोडी पांढरी पूड असे. मी ती पाहिली होती. शाळेत पांढरी पूड म्हणजे खडू. आमच्या कपड्यांवर, केसांवर, डब्यातल्या पोळीवरसुद्धा ती असते. जी वस्तू सगळीकडे असते ती आपण पाहत नाही. मी ती फुंकरून टाकत असे आणि पुढचा प्रयोग करत असे.

एका शुक्रवारी सर शिक्का आणि रबर दोन्ही माझ्या मेजावर विसरून गेले. मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी साबणाने धूत होते. हातासरशी रबरही धुतले. वाळल्यावर, केवळ शाई लावलेली होती म्हणून, शिक्का मारला आणि कार्डावर उलटा दाबला. साळुंकी आली. डोळ्याभोवतीचे वर्तुळ, चोच, पंखावरची पट्टी, पायाची नखे, सगळे आले. मी पुन्हा केले. पुन्हा आली. तिसऱ्यांदा केले आणि खुर्चीवर बसले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना रबर दिले, काही सांगितले नाही. सोमवारी ते घरून घेऊन आले. आम्ही उमटवले. चट्टे.

"सर, घरी नेल्यावर याला तुम्ही काय करता?"

"काय करनार? पावडर लावून ठिवतो."

"पावडर?"

"शंखजिऱ्याची. रबराला पावडर लावल्याबिगर ठिवत्यात व्हय कुनी?"

"कोणी सांगितले?"

"कुनी म्हंजे? उस्तादांनी. पयल्या दिवशी पयली गोष्ट."

मी त्यांना तिथेच, शांतपणे, एकटीने सांगायला हवे होते. पण मला उत्तर सापडले होते, आणि उत्तर सापडलेल्या शिक्षकाचा आवाज मोठा होतो. मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, मी दोन कार्डे मेजावर ठेवली, एक धुतलेल्या रबराचे आणि एक पावडरीचे, आणि म्हणाले, "शाई रबरावर बसतच नव्हती, पुडीवर बसत होती. वीस वर्षे उस्ताद दुसरीला कच्ची म्हणत होते, आणि ती कच्ची होत होती उस्तादांच्याच शिकवणीमुळे."

कोणीतरी हसले. मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणजे उस्तादच कच्चे!"

सर उठले. दोन्ही कार्डे त्यांनी उचलली नाहीत. दारापाशी थांबून मला म्हणाले, "बाई, तुमी ढकललं." आणि गेले.

त्यानंतर ते माझ्या नळावर आले नाहीत. वाट्या धुवायला ते पटांगणापलीकडच्या हौदावर जाऊ लागले. भर उन्हात, एका हातात सहा वाट्या. मी खिडकीतून पाहत असे. मी दोनदा बोलायला गेले. त्यांनी दोन्ही वेळा नम्रपणे उत्तर दिले, आणि त्या नम्रतेत पुढे जायला जागा नव्हती. उन्हाळ्याची सुटी लागली, संपली. मी वहीत उत्तर लिहिले होते, पण त्याखाली रेघ ओढली नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिसऱ्या दिवशी ते आले. हातात वाट्या नव्हत्या, रबर होते.

"बाई, साबण कुठाय?"

मी दिला. त्यांनी रबर बराच वेळ धुतले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्या सुटीत इचार केला. उस्तादांनी पावडर सांगितली ती साच्यासाठी. तापल्यावर रबर साच्याला चिकटू नये म्हनून. ते बरूबरच हाय. त्यांनी हे रबर कधी बघितलंच नव्हतं. साच्याची पावडर म्या ह्याला लावली. चूक माझी."

मी ते तपासून पाहिले, मनातल्या मनात. ते अगदी बरोबर होते. माझ्या निष्कर्षापेक्षा अधिक अचूक होते. "खरे आहे, सर," मी म्हणाले. "माझे वाक्य चुकले होते." वहीत मी ते दुरुस्त केले आणि मग रेघ ओढली.

त्या वर्षीचे कार्ड आम्ही मिळून केले. रबर धुतले, बारीक पॉलिशपेपरने अगदी हलके घासले, परत धुतले. शिक्का मारला. दाबण्यापूर्वी सरांनी रबरावर तोंडाने एक वाफ सोडली, चष्म्याच्या काचेवर सोडतात तशी. ती त्यांची स्वतःची भर होती आणि तिने शाई एकसारखी ओली राहते असे मला नंतर आढळले. दाबले, ढकलले नाही. दोन साळुंक्या समोरासमोर बसल्या. सरांनी पाठ करून आरशात पाहिले. आरशात दोघींनी जागा बदलल्या आणि चित्र तसेच राहिले. ते बराच वेळ आरसा खाली ठेवेनात.

ईदेनंतर तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आले. सर ते घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता. त्यांनी वाचले, "दूसरी पक्की है. कब काटी?"

मी आनंदाने काही बोलणार होते. सरांनी हात वर केला.

"बाई, त्यांना वाटलं, म्या कापली."

मग मला समजले. ज्या शब्दाची त्यांनी वीस वर्षे वाट पाहिली तो शब्द आला होता, पण ज्या हातासाठी तो आला होता त्या हाताने काहीच केले नव्हते. 'कापली नाही, तुमचीच उलटी केली' असे कळवले, तर 'पक्की' परत जात होती. कळवले नाही, तर ती खोटी होती.

"काय लिवू?"

"खरे ते लिहा," मी म्हणाले. माझ्याकडे दुसरे उत्तर नसते.

"व्हय," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले. शनिवार होता. सकाळची शाळा सुटून मुले गेली होती. मेजावर ते रबर पडले होते; आदल्या दिवशी मुलांना दाखवायला आम्ही त्यावर शिक्का मारला होता आणि ते पुसायचे राहून गेले होते. सर त्याच्याकडे पाहत होते. मग त्यांनी खिशातून आरसा काढला, रबरासमोर धरला, आणि तसेच थांबले.

ते काय पाहत होते हे मला उलगडायला थोडा वेळ लागला. शिक्का कोरताना चित्र रबरावर उलटे असावे लागते, तेव्हा ते कागदावर सुलटे उतरते. डावीकडे पाहणारी साळुंकी हवी असेल, तर रबरावर ती उजवीकडे पाहणारी रेखावी लागते. आणि उस्तादांचा शिक्का रबरावर मारला, की रबरावर नेमकी तीच, उजवीकडे पाहणारी साळुंकी उमटत होती. म्हणजे दुसरी साळुंकी कशी कापायची, याची पूर्ण आखणी, उस्तादांच्याच हातची, दर ईदेला सरांच्या पुढ्यात पडत होती. दर ईदेला ते ती पुसत होते आणि वर पावडर टाकत होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमची ती बेडकाची सुरी द्या."

विच्छेदनाची सुरी मी उकळून, पुसून दिली. त्यांनी रबर डाव्या हातात धरले. हात मेजावर टेकवला आणि सुरुवात केली. सुरी जागच्या जागी राहिली. रबर फिरत होते. बटाट्याच्या तासाला सांगत तसेच. मी बाजूच्या स्टुलावर बसले होते आणि काही लिहीत नव्हते. ऊन खिडकीतून मेजावर आले, मेजावरून जमिनीवर उतरले. मध्ये दोनदा त्यांनी सुरी ठेवून बोटे मोकळी केली. एकदा "आरं!" एवढेच म्हणाले आणि डोळे मिटून बसले, मग पुढे कापू लागले.

शेवटी शाई लावली आणि कार्डावर मारले.

"खरं सांगा."

मी भिंग घेऊन पाहिले. "चोच जाड आहे. पायाचे मागचे एक नख गेले आहे. शेपटीची कड दोन ठिकाणी तुटली आहे."

"म्हंजे?"

"कच्ची आहे, सर."

सर हसले. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिले. त्यांपैकी ही एक. "व्हय," ते म्हणाले, "कच्चीच हाय. पर कापलेली हाय."

त्यांनी कोरे कार्ड घेतले. डावीकडे उस्तादांची साळुंकी मारली, उजवीकडे आपली. मी म्हणाले, की आधीच्या स्वच्छ कार्डाशेजारी हे ठेवले, तर उस्तादांना फरक लगेच दिसेल. "दिसू द्या," ते म्हणाले. खाली उर्दूत लिहिले आणि मला वाचून दाखवले: "पहले की दोनों आप की थीं. मैंने आज काटी."

त्या कार्डाचे उत्तर आले नाही. पुढच्या ईदेलाही आले नाही. कारण काय असेल याचा अंदाज आम्ही दोघांनी केला असणार, पण तो कोणी बोलून दाखवला नाही. पोस्टमनची वेळ झाली, की सर पूर्वी दाराकडे पाहत. ते त्यांनी सोडून दिले. मुख्याध्यापकांनी शाळेचा दुसरा नवा शिक्का करून आणला आणि त्याचाही डाग पडू लागला, तेव्हा सरांनी माझ्याकडून सुरी मागून घेऊन दोन मिनिटांत डाग काढून दिला. त्यानंतर दोन वर्षांनी ते निवृत्त होऊन कन्नडला गेले. जाताना दोन्ही साळुंक्या माझ्याकडे ठेवून गेले. पोस्टकार्डे मात्र बरोबर नेली.

सर आता नाहीत. मीही कधीच निवृत्त झाले. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगाचे काम फारसे होत नाही, आणि हे लिहायला मला बरेच दिवस लागले. एक गोष्ट नोंदवणे मी माझे कर्तव्य समजते. उर्दू मला येत नाही. पोस्टकार्डांवर काय होते, ते सरांनी जसे वाचले तसे मी इथे दिले आहे. त्याची पडताळणी मी करू शकले नाही, आणि आता कोणालाच करता येणार नाही.

बाकीच्याची करता येते. चित्राचा कोणताही शिक्का घ्या आणि सपाट रबराचा एक तुकडा. एकदा रबराला पावडर लावून उलटे चित्र उमटवा. एकदा रबर साबणाने धुऊन, बारीक पॉलिशपेपरने हलके घासून, पुन्हा धुऊन, वाळवून, वर तोंडाची वाफ सोडून उमटवा. दोन्ही कार्डे शेजारी ठेवा आणि माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पाहा.